खुकरीचं पाणी

'कुकरी' हा शब्द मराठी वर्तमानपत्रात दिसला की बहुतेक वेळा त्याचा संबंध स्वयंपाकाशी असतो. कुकरी क्लास, कुकरी शो वगैरे. मी आज लिहिते आहे ती दुसरी, गुरख्यांची. नेपाळीत तिला 'खुकुरी' म्हणतात, इंग्रजांनी तिची कुकरी केली, आणि आपण मराठीत दोन्हींच्या मधलं काहीतरी म्हणतो. मी 'खुकरी' लिहिणार आहे, म्हणजे पाककृती शोधत इथे आलेल्या भगिनींची फसगत व्हायला नको.

निमित्त झालं आमच्या भाच्याचं. हा मुलगा कॅनडात असतो आणि सुट्टी मिळाली की पाठीला पिशवी लावून जंगलात राहायला जातो. त्याला 'बुशक्राफ्ट' म्हणतात म्हणे. सरपण तोडायचं, आडोसा उभा करायचा, विस्तव पेटवायचा, आणि हे सगळं एका सुरीच्या भरवशावर. (माझ्या आजीने जन्मभर कोयत्यावर हेच केलं, तिच्या कलेला कुणी नाव दिलं नाही!) तर त्याने विचारलं, "मावशी, फिक्स्ड ब्लेडची एक दणकट सुरी घ्यायची आहे. सगळे खुकरी घे म्हणतात. तू इतिहासाची, सांग ना तिचा इतिहास." फोनवर सांगण्याइतका तो इतिहास आखूड नाही, म्हणून हा लेख. बाकीच्या भाचरांनीही वाचावा.

आधी फिक्स्ड ब्लेड म्हणजे काय ते. जी सुरी चाकूसारखी मुठीत मिटत नाही, जिचं पातं मुठीत घट्ट रोवलेलं असतं ती. मिटणाऱ्या चाकूची खीळ लाकूड फोडताना दगा देते, म्हणून जंगलात जाणारा माणूस न मिटणारं पातंच नेतो. तसं म्हटलं तर आपली विळी ही जगातली सर्वांत 'फिक्स्ड' म्हणायची. पातं जागचं हलत नाही, भाजीच हलते. असो.

खुकरीविषयी लिहिणारे बहुतेक लोक रक्तापासून सुरुवात करतात. एकदा म्यानातून काढली की रक्त चाखल्याशिवाय ती परत म्यान करायची नाही, हे तर लहानपणी मीही ऐकलेलं आहे. त्यात काडीचंही तथ्य नाही. तसं असतं तर नेपाळच्या डोंगरातल्या प्रत्येक घरात सकाळचं सरपण तोडून झाल्यावर कुणाचं तरी बोट कापावं लागलं असतं.

मला तिचा जो जुना आणि विश्वासार्ह उल्लेख वाचायला मिळाला, तो लढाईचा नाहीच. १७९३ साली ईस्ट इंडिया कंपनीचा विल्यम कर्कपॅट्रिक हा अधिकारी नेपाळात गेला. त्याआधीच्या वर्षी चीनच्या फौजा तिबेट ओलांडून नेपाळात शिरल्या होत्या आणि नेपाळने कंपनीकडे मदत मागितली होती. कंपनीने फौज न पाठवता मध्यस्थ पाठवला, आणि तो पोचेपर्यंत तह होऊनही गेला होता. (आपल्याकडे तेव्हा सवाई माधवराव गादीवर होते आणि महादजी शिंदे पुण्यात मुक्कामाला होते, म्हणजे काळ लक्षात येईल.) राजकारण फसलं, पण हा गृहस्थ डोळे उघडे ठेवून हिंडला. त्याचं पुस्तक १८११ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात तो सांगतो की प्रत्येक नेपाळी माणसाच्या कमरेला खुकरी असते आणि तिचा मुख्य उपयोग लहान झाडं तोडणं, फांद्या छाटणं हा आहे. वाटेत आडव्या आलेल्या फांद्या तोडून रस्ता मोकळा करताना ती किती कामाची, हे त्याने स्वतः अनुभवलं होतं. गुरख्यांशी कंपनीची लढाई जुंपायला अजून वीस-एकवीस वर्षं होती. तोपर्यंत इंग्रजांच्या लेखी खुकरी म्हणजे एक कोयती होती!

आणि ती आहेच तशी. साधारण खुकरी मुठीसकट पंधरा ते अठरा इंच. पातं मुठीपासून थोडं सरळ जातं आणि मग पुढे खाली वाकतं. वाकल्यानंतर ते रुंद होतं, पोट आल्यासारखं, आणि टोकाशी पुन्हा निमुळतं. पाठ चांगली जाड असते. सगळं वजन पुढच्या पोटात. त्यामुळे मनगट न वाकवता नुसता हात खाली आणला की घाव आपल्या वजनानेच बसतो, छोट्या कुऱ्हाडीसारखा. मुठीजवळचा सरळ, अरुंद भाग तासायला, खुंटी टोकदार करायला. टोक भोसकायला किंवा उकरायला. एका पात्यात कुऱ्हाड, सुरी आणि उकरणं अशी तीन अवजारं झाली.

आपल्या कोकणातल्या कोयत्याशी ती ताडून पाहण्यासारखी आहे. कोयत्याचं टोक आकड्यासारखं आत वळलेलं, त्याने फांदी ओढून धरता येते. कोयता म्यानात राहत नाही, कमरेच्या दोरीला बांधलेल्या आकडीत पाठीमागे लटकतो. नेपाळी माणूस कमरेला पटुका गुंडाळतो आणि त्यात म्यानासकट खुकरी खोचतो. दोन्हीकडे हात मोकळे हवेत, कारण चढण आहे आणि डोक्यावर किंवा पाठीवर ओझं आहे. खुकरीचा वाकडेपणा सिकंदराच्या ग्रीक सैनिकांच्या 'कोपिस' तलवारीवरून आला, असं इंग्रजी पुस्तकांत फार आवडीने लिहिलेलं असतं. मला हे पटत नाही. पुढे वजन टाकलेलं वाकडं पातं लाकूड चांगलं तोडतं, हे कळायला सिकंदर यावा लागत नाही, सरपणाची गरज पुरते. काठमांडूच्या छाउनी भागातल्या राष्ट्रीय संग्रहालयात गोरखाचा राजा द्रव्य शाह याची म्हणून एक खुकरी दाखवतात. द्रव्य शाह १५५९ मध्ये गादीवर आला. जुनेपणासाठी तेवढं पुष्कळ झालं.

पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून, धारेच्या बाजूला एक छोटी खाच असते. तिला 'काउडी' किंवा 'चो' म्हणतात. कुणी म्हणतं ते शंकराचं त्रिशूळ, कुणी म्हणतं गाईचं खूर, कुणी म्हणतं रक्त मुठीपर्यंत ओघळू नये म्हणून केलेली युक्ती. अर्थ काही लावा, घडवणारा ती खाच ठेवतोच. म्यानाच्या मागच्या कप्प्यात दोन पिल्लं असतात. एक 'कर्दा', म्हणजे छोटी सुरी, बारीक कामाची. दुसरा 'चकमक', बोथट पोलादाचा तुकडा. मोठ्या पात्याची मुडपलेली धार त्यावर घासून सरळ करायची, आणि गारगोटीवर मारून ठिणगी पाडायची. म्हणजे तोडणं, तासणं, धार लावणं आणि विस्तव, अख्खा संसार एका म्यानात. आमच्या भाच्याने ज्या ज्या वस्तूंची यादी पाठवली होती, त्यातल्या निम्म्या इथेच आल्या.

आता ती घडते कशी ते. हल्ली मोटारींच्या, ट्रकांच्या जुन्या कमानीचे पाटे विकत घेतात, कारण ते पोलाद चिवट असतं. तापवायचं, घणाने ठोकायचं, पुन्हा तापवायचं. भात्यावर एक जण, ऐरणीवर दोन-तीन जण. आकार आला की कानशीने घासायचं. आणि मग सगळ्यात नाजूक काम. पातं पुन्हा लाल करायचं आणि किटलीच्या चोचीतून पाण्याची बारीक धार सोडत न्यायची, फक्त पात्याच्या धारेवरून. सगळं पातं पाण्यात बुडवायचं नाही. ज्या भागावर पाणी पडलं तो झटकन निवतो आणि कडक होतो. पाठीवर पाणी पडत नाही, ती सावकाश निवते आणि मऊ, चिवट राहते. धार काचेसारखी कडक आणि पाठ वेतासारखी लवचीक, त्यामुळे घाव बसला तरी पातं मोडत नाही. सगळं पातं सारखंच कडक केलं तर गाठीच्या लाकडावर तुकडा उडालाच म्हणून समजा.

आपणही मराठीत 'पात्याला पाणी पाजणं' असंच म्हणतो. शाळेत 'पाणीदार' या शब्दाचा अर्थ सांगताना मी मुलांना नेहमी लोहाराच्या दुकानाशी नेत असे (कल्पनेने, कारण सहलीला पैसे नसत).

भोजपूर आणि धनकुटा हे पूर्व नेपाळचे जिल्हे खुकरीसाठी नावाजलेले. भोजपुरे खुकरी जाड आणि भरीव, तर 'सिरुपाते' लांब आणि सडपातळ, सिरू नावाच्या गवताच्या पात्यासारखी. मूठ लाकडाची किंवा म्हशीच्या शिंगाची. म्यान लाकडाचं, वरून कातडं. पातं घडवणारे 'कामी' आणि म्यानाचं कातडं शिवणारे 'सार्की'. या दोन नावांकडे मी पुढे येणार आहे.

खुकरी इंग्रजांना शस्त्र म्हणून कळली ती १८१४ मध्ये, डेहराडूनजवळ नालापानीला. गोरखा राज्य तेव्हा पसरत पसरत गढवाल, कुमाऊं गिळून सतलजपर्यंत पोचलं होतं. डूनच्या खोऱ्यावर नजर ठेवणाऱ्या टेकडीवर खलंगा नावाची एक गढी, तीही अर्धवट बांधलेली. आत बलभद्र कुंवर आणि त्याच्याबरोबर सुमारे सहाशे माणसं. त्यात बायका आणि मुलंही होती. समोर कंपनीची साडेतीन हजारांच्या घरातली फौज आणि तोफा. सेनापती जनरल जिलेस्पी, जावा बेटावर नाव कमावून आलेला. ३१ ऑक्टोबर १८१४ च्या हल्ल्यात तो गढीच्या दाराशी स्वतः पुढे झाला आणि गोळी लागून जागीच पडला. महिनाभर थांबून दिल्लीहून मोठ्या तोफा आणल्या. २७ नोव्हेंबरला पुन्हा हल्ला, पुन्हा माघार. भिंतीला खिंडार पडलं तरी आत कुणाला शिरता येईना. बंदुका, बाण, दगड, आणि अंगाशी भिडलं की खुकरी. बायकाही भिंतीवरून दगड टाकत होत्या, असं इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे.

मग इंग्रजांना कुठून तरी कळलं की गढीत विहीर नाही, पाणी बाहेरच्या झऱ्यावरून येतं. जागेच्या नावातच 'पानी' आहे! त्यांनी ती वाट तोडली आणि तीन दिवस नुसता तोफांचा मारा केला. ३० नोव्हेंबरच्या रात्री बलभद्र उरलेल्या सत्तरेक माणसांना घेऊन वेढा फोडून निघून गेला. सकाळी इंग्रज आत शिरले तेव्हा प्रेतं आणि पाण्यासाठी तडफडणारे जखमी यांशिवाय काही नव्हतं. ठार आणि जखमी मिळून कंपनीचं नुकसान गढीतल्या एकूण माणसांपेक्षा जास्त झालं होतं.

या वेढ्यातली एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत असे. तोफा चालू असताना एक गुरखा शिपाई हात हलवत इंग्रजांच्या बाजूला आला. त्याचा जबडा गोळ्याने फुटला होता. इंग्रज डॉक्टरांनी उपचार केले, तो बरा झाला, आणि मग त्याने परत जाण्याची परवानगी मागितली. कशासाठी, तर पुन्हा लढण्यासाठी! मुलं हसायची आणि मग गप्प व्हायची.

लढाई संपल्यावर इंग्रजांनी रिस्पना नदीकाठी दोन सारखे स्तंभ उभारले. एक जिलेस्पी आणि त्याच्या माणसांसाठी, दुसरा बलभद्र आणि त्याच्या गुरख्यांसाठी. हरवलेल्या शत्रूचं स्मारक आपल्या सेनापतीच्या शेजारी, ही गोष्ट इतिहासात वारंवार दिसत नाही. डेहराडूनला सहस्रधारेच्या रस्त्यावर आजही ते आहेत. बलभद्र पुढे रणजितसिंगाच्या फौजेत गेला आणि १८२३ मध्ये नौशेराजवळ अफगाणांशी लढताना मेला. लाहोरला जाऊन शिपाईगिरी करणाऱ्यांना नेपाळात 'लाहुरे' म्हणू लागले, आणि परमुलखात सैन्यात जाणाऱ्याला तिकडे पुढेही लाहुरेच म्हणत राहिले.

१८१५ च्या एप्रिलमध्ये, युद्ध पुरतं संपलेलंही नसताना, कंपनीने गुरख्यांची पहिली पलटण उभी केली. १८१६ च्या मार्चमध्ये सुगौलीचा तह पक्का झाला. तिथून खुकरीची कीर्ती इंग्रजांच्या लेखणीतून वाढत गेली.

इथे मराठी माणसाला मध्येच ठेच लागते. १८५७ मध्ये दिल्लीच्या टेकडीवर सिरमूर पलटणीने ज्या घराचा मोर्चा तीन महिने सोडला नाही ते घर 'हिंदुरावाचा वाडा' म्हणून ओळखलं जातं. हे हिंदुराव म्हणजे कागलचे घाटगे, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. दिल्लीत आज त्यांच्या नावाचं मोठं सरकारी रुग्णालय आहे, पण तिथे उपचार घेणाऱ्या किती जणांना कागल माहीत असेल! त्या वाड्यातल्या ४९० गुरख्यांपैकी ३२७ ठार किंवा जखमी झाले. शौर्य खरंच. पण त्या खुकऱ्या आपल्या लोकांच्या विरुद्ध बाजूला होत्या. आणि १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत डायरने नेलेल्या माणसांत पन्नास जणांकडे रायफली होत्या आणि चाळीस गुरख्यांकडे नुसत्या खुकऱ्या होत्या. त्या तिथे म्यानातच राहिल्या, गोळ्यांनी काम केलं होतं. खुकरीचे पोवाडे गाणाऱ्या लेखांत ही ओळ सापडत नाही म्हणून मी मुद्दाम लिहिते आहे.

जंगलातली खुकरी बघायची तर दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे जावं लागतं. तिथे शिपायाने ती उगारली किती वेळा, याच्या कथा पुष्कळ. ५ मार्च १९४५ ला आराकानात भानभक्त गुरुंग या शिपायाने जपानी बंकरांवर एकट्याने चढाई केली, त्यात खुकरीही चालवली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पण अशा एका दिवसामागे बांबू तोडण्याचे, वाट काढण्याचे, झोपण्यापुरता आडोसा करण्याचे शेकडो दिवस होते. बांबूचं बेट बंदुकीने तुटत नाही.

१९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरात उखरुलजवळ सांगशाक नावाच्या नागा गावाच्या टेकडीवर एक झुंज झाली. तिचं नाव कोहिमा-इंफाळच्या गडगडाटात बुडून गेलं आहे. तिथे पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडच्या १५३ क्रमांकाच्या गुरखा पलटणीबरोबर आपली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. साताऱ्या-कोल्हापूरकडची पोरं आणि नेपाळची पोरं एकाच उघड्या टेकडीवर. खणायला गेलं तर हात-दोन हातांवर खडक. काटेरी तार नाही. आणि पुन्हा तेच, टेकडीवर पाणी नाही! विमानातून टाकलेल्या सामानातलं बरंचसं जपान्यांकडे जाऊन पडायचं. २२ ते २६ मार्च असे पाच दिवस ती टेकडी धरून ठेवली आणि २६ च्या रात्री आज्ञेनुसार सोडली. त्या पाच दिवसांनी कोहिमाकडे निघालेल्या जपान्यांना जो उशीर झाला तो पुढे फार मोलाचा ठरला. आपल्या पाठ्यपुस्तकात यातलं एक अक्षर नव्हतं. मी मुलांना सांगितलं, परीक्षेला येणार नाही असं बजावून.

१९४७ मध्ये दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आल्या आणि चार ब्रिटनकडे गेल्या. ब्रिटनकडच्या पुढे मलाया आणि बोर्निओच्या जंगलांत लढल्या. म्हणून आज जंगलात तग धरण्याच्या विद्येवर इंग्रजीत बोलणारे लोक खुकरीचं नाव आदराने घेतात, आणि ते फिरत फिरत आमच्या भाच्यापर्यंत कॅनडात पोचतं.

आता त्या दोन नावांकडे येते, कामी आणि सार्की.

१८५४ मध्ये जंगबहादूर राणाने नेपाळात 'मुलुकी ऐन' नावाचा कायदा केला. त्यात सगळ्या जातींची उतरंड कायद्याने लावून दिली. सर्वांत खालच्या थरात कामी, सार्की, दमाई वगैरे. त्यांचं वर्णन कायद्यातच असं की ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही आणि ज्यांचा स्पर्श झाला तर अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हावं लागतं. आपल्याकडे लोहार हा बलुतेदार, शिवाशिवीच्या बाहेर नव्हता. नेपाळच्या डोंगरात लोहारच अस्पृश्य. बलुत्यासारखी पद्धत मात्र तिकडेही होती, 'बाली घरे' तिचं नाव. वर्षभर कुणब्याची अवजारं करायची, खुकऱ्या करायच्या, आणि सुगीला धान्य घ्यायचं, तेही अंगणातून.

म्हणजे बघा. पात्याला पाणी पाजणारा हा माणूस, त्याच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं. ज्या खुकरीने दसऱ्याच्या दिवसांत (तिकडे त्याला दसैं म्हणतात आणि आपल्या खंडेनवमीसारखी तिकडेही नवमीला शस्त्रांची, अवजारांची पूजा होते) देवीसमोर बळी दिला जायचा, ती घडवणाऱ्याला देवळात जाता येत नव्हतं. त्याचा हात लागलेलं लोखंड चाले, लोटा चालत नसे. इंग्रजांनीही यात भरच घातली. त्यांनी 'लढाऊ जाती' ठरवल्या. मगर, गुरुंग, राई, लिंबू हे लढाऊ, एका रेजिमेंटात छेत्री-ठाकुरी. कामी पलटणीत घेतले ते बहुतेक करून लोहारकामापुरते, सार्की चामड्याच्या कामाला, दमाई बँड वाजवायला. ज्याने खुकरी केली तिच्यावर नाव दुसऱ्याचं. मी हे वाचलं तेव्हा मला महाडचं तळं आठवलं, २० मार्च १९२७. कुणाही मराठी माणसाला आठवेल.

हे मी पुस्तकात वाचण्याच्या आधी मला एका माणसाने सांगितलं होतं. १९८७ च्या जूनमध्ये आमच्या कॉलनीचा रात्रीचा पहारेकरी मुलाचं नाव घालायला शाळेत आला. कॉलनीत त्याला सगळे 'गुरखा' म्हणत, लाडात आले तर 'बहादूर'. तो नेपाळच्या पार पश्चिमेकडचा, अछाम जिल्ह्यातला. मुंबई-पुण्यातले कितीतरी नेपाळी पहारेकरी त्याच भागातून येतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे येऊन काम करायला आडकाठी नाही, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचा पलटणीशी कधी संबंध आलेला नसतो. आपण मात्र शिट्टी आणि काठी बघून सगळ्यांना गुरखा करून टाकलं.

अर्ज मी भरत होते. जातीच्या रकान्याशी आले तेव्हा तो जरा थांबला. मग म्हणाला, "विश्वकर्मा लिखो, दीदी." आमचे कारकून म्हणाले, "अहो, तुम्ही गुरखा ना?" आपल्याकडे विश्वकर्मा म्हणजे सुतार, पांचाळ, त्यामुळे त्यांचाही गोंधळ झाला. तो काही बोलला नाही. संध्याकाळी फाटकाशी भेटला तेव्हा आपण होऊन म्हणाला, "वहाँ कामी बोलते हैं. इधर गुरखा बोलते हैं. इधर का अच्छा है."

पुढे दोन-चार वर्षं त्याचा मुलगा माझ्याकडे अभ्यासाला येई. बाप कधी घ्यायला आला आणि मी चहा दिला तर चहा पिऊन तो कप स्वतः विसळायचा आणि ओट्यावर पालथा घालायचा. मी राहू दे म्हटलं तरी. मला आधी वाटलं माणूस टापटिपीचा आहे. त्याच्या गावाकडच्या चहाच्या दुकानात त्याच्या जातीच्या माणसाला आपला पेला आपणच धुऊन ठेवावा लागे, हे त्याने फार उशिरा सांगितलं, तेही हसत. नेपाळात १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनने जातीची उतरंड कायद्यातून काढून टाकली होती. २०११ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध आणखी कडक कायदा झाला. त्याच्या पेल्यापर्यंत पहिला कायदा १९८७ सालीही पोचला नव्हता.

त्याच्याकडे एक खुकरी होती, वडिलांच्या हातची. ट्रंकेत, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. पहाऱ्यावर तो ती कधी नेत नसे. पावसाळ्यात कॉलनीतली गुलमोहराची फांदी मोडून तारांवर लोंबली की ती बाहेर निघायची, आणि बघता बघता फांदीच्या हातभर लांबीच्या नीट ढलप्या होऊन कोपऱ्यात रचल्या जायच्या. एकदा मी ती हातात घेतली. दिसते त्याहून जड, आणि सगळा भार पुढे ओढणारा. म्यानात चकमक होता, कर्दा हरवला होता.

मी त्याला पाण्याचं विचारलं. तो म्हणाला, पातं तापलं की वडील आम्हाला दार लावायला सांगायचे, कारण उन्हात लोखंडाचा रंग नीट कळत नाही. मग किटली उचलायच्या आधी सगळ्यांना गप्प करायचे. धार पडताना जो आवाज येतो तो एकसारखा आला पाहिजे, मध्ये तुटला की पातं पुन्हा भट्टीत. त्या वेळी बाहेर कुणी गिऱ्हाईक आलं तरी हाक मारायचं नाही, अंगणात उभं राहायचं. गावचा मुखियासुद्धा.

१९९४ मध्ये तो नोकरी सोडून गावी गेला. मुलगा इथेच राहिला, आयटीआयला वेल्डिंग शिकला. खुकरी बापाने बरोबर नेली.

नेपाळच्या जुन्या राजचिन्हात दोन खुकऱ्या एकमेकींवर आडव्या होत्या. २००६ च्या डिसेंबरात नवं चिन्ह आलं, त्यात खुकरी नाही. सैन्याच्या चिन्हांत ती आहे. भोजपूरला, धरानला भट्ट्या चालू आहेत, आणि भाच्याने मागवली तर त्याचीही तिथूनच कुठून तरी येईल. तर बाळा, घे खुकरी. जरा जाड पाठीची घे, मुठीतून पोलाद आरपार गेलेली बघ, आणि तेलाचं फडकं विसरू नकोस. तिकडे बर्फ फार.